घाटावर राहून किनारा शिकायचा तर

प्रश्न: "मॅडम, मी साताऱ्यात भूगोल घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. मूळ गाव सांगलीजवळ. समुद्रकिनारा कसा घडतो, याचाच पुढे अभ्यास करायचा असं मनात पक्कं आहे. पण समुद्र आजवर दोनदाच पाहिला, तोही सहलीत. घरचे एकटीला कोकणात पाठवायला तयार नाहीत. सगळे म्हणतात, आपल्याकडे समुद्रच नाही, तू नदीचा विषय घे. इथे राहून सुरुवात करता येईल का?"

उत्तर:

येईल. मी कराडची. अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला आणि जवळजवळ दरवर्षी मुलांना घेऊन कुंभार्ली घाट उतरले. त्या अनुभवावरून सांगते, 'नदीचा विषय घे' म्हणणारे निम्मे बरोबर आहेत. किनाऱ्याची वाळू कुठून येते हे ज्याला माहीत नाही, त्याला किनारा कळत नाही. आणि ती जिथून निघते, तिथे तू राहतेस.

जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात जाऊन ये. गेली असशीलच, पण आता नकाशा घेऊन जा. कृष्णा आणि सावित्री या दोघींचा उगम तिथे मानतात. सावित्री पश्चिमेला कडा उतरते, पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. हरिहरेश्वर तिच्या मुखाशी आहे. कृष्णा मात्र अरबी समुद्र सरळ रेषेत ६५ किलोमीटरच्या आसपास असताना त्याच्याकडे पाठ फिरवते आणि वाई, कराड, सांगली करत सुमारे १४०० किलोमीटर चालून आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. पाऊस एकाच डोंगरावरचा, पण त्याने घडवलेले दोन किनारे एकमेकांना ओळखही दाखवणार नाहीत. पूर्वेला सपाट, गाळाचा, समुद्रात पुढे सरकलेला त्रिभुज प्रदेश. पश्चिमेला कातळाची नाकं, दोन नाकांच्या कुशीत चंद्रकोरीसारखी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि थोड्या थोड्या अंतरावर आत शिरलेल्या खाड्या.

असं का? पुस्तकात 'लांब नदी, आखूड नदी' एवढं उत्तर मिळेल. ते खरं आहे, पण अपुरं. सह्याद्रीचा कातळ आहे बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे सहजी न कुजणारं गारेचं कठीण खनिज, जवळजवळ नसतं. त्यातली बाकीची खनिजं उष्ण, दमट हवेत कुजतात आणि त्यांचा चिखल होतो. म्हणून कोकणातल्या नद्या पावसाळ्यात लालभडक गढूळ वाहतात, पण टिकाऊ वाळू फार थोडी आणतात. तो चिखल खाडीत, कांदळवनाच्या मुळांत, खाजणात म्हणजे खाऱ्या दलदलीत बसतो. मग पुळणीवरची वाळू कसली? बरीचशी शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची, आणि त्यात बेसाल्टचे काळे कण. दक्षिणेला मालवण, वेंगुर्ल्याकडे गेलीस की वाळू एकदम पांढरी, चमकदार होते, कारण तिथे बेसाल्टचं पांघरूण संपतं आणि जुने, क्वार्ट्झ असलेले खडक उघडे पडतात. किनाऱ्याचा रंगसुद्धा डोंगर ठरवतो.

त्यात आणखी एक भर. साधारण २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. तेव्हा सावित्री, वाशिष्ठी आजच्या किनाऱ्याच्या पुढे, आज पाण्याखाली असलेल्या उथळ भूमीवरून वाहत होत्या. बर्फ वितळला, पाणी चढलं आणि त्यांच्या दऱ्या बुडाल्या. आपण खाडी म्हणतो ती ही बुडालेली दरी. तिला भरायला पुरेशी वाळू आली नाही म्हणून ती खाडीच राहिली.

किनारा म्हणजे वाळूचा जमाखर्च. नदीने आणली, कड्यावरून पडली, शिंपल्यांनी दिली, शेजारच्या पुळणीवरून लाटांनी ओढून आणली, ही जमा. खोल पाण्यात गेली, खाडीत अडकली, वाऱ्याने आत नेली, माणसाने ट्रकमध्ये भरली, हा खर्च. जमा जास्त तर पुळण रुंदावते, खर्च जास्त तर समुद्र माडाच्या मुळाशी येतो. लोक म्हणतात 'समुद्र वाढला'. पातळी वाढते आहे हे खरंच, पण दोन-चार वर्षांत एखादी पुळण नाहीशी झाली तर मी आधी वाळू कुठे अडली ते शोधते.

कोयनेचंच बघ. तुझ्या जिल्ह्यातलं धरण. त्याच्या जलाशयातलं, म्हणजे शिवसागरातलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून खाली जातं, वीज तयार करतं आणि पोफळीकडे वाशिष्ठीत सोडलं जातं. तिथून चिपळूण आणि मग दाभोळची खाडी. म्हणजे पूर्वेला जायचं साताऱ्याचं पाणी रोज अरबी समुद्राला मिळतं. पण त्या पाण्याबरोबर वाळू जात नाही. ती शिवसागराच्या तळाशी बसते. एका नदीचं पाणी दुसरीच्या खाडीला मिळालं, आणि तिची वाळू ना या समुद्राला मिळाली ना त्या. कृष्णेवर खाली अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं आहेत, त्यामुळे तिकडच्या त्रिभुज प्रदेशाला पोचणारा गाळ फार घटला आहे आणि त्या किनाऱ्याचे काही भाग झिजत आहेत. सांगलीच्या वाळूउपशावर गावात जी भांडणं होतात, ती त्या दूरच्या किनाऱ्याचीही भांडणं आहेत. निदान मी तरी त्यांच्याकडे तशीच बघते.

आता या महिन्यात काय करायचं ते सांगते.

कराडला प्रीतिसंगमावर ये. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळतात, असा संगम सहसा पाहायला मिळत नाही. पाणी उतरलेलं असताना वाळू कुठे बसली आहे ते बघ. जिथे वेग मोडला तिथेच ती बसलेली दिसेल. मूठभर वाळू घरी ने, उन्हात कोरडी कर, कागदावर पसर. साधं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यावरून फिरव. काळे कण उडून चिकटतील. ते मॅग्नेटाइट, चुंबकाला चिकटणारं लोहाचं खनिज, बेसाल्टमधून सुटलेलं. रत्नागिरीच्या काळबादेवीसारख्या पुळणींवर काळ्या वाळूचे पट्टे दिसतात, त्यात हेच मॅग्नेटाइट आणि सोबत इल्मेनाइट हे लोह-टायटॅनियमचं काळं खनिज असतं. इल्मेनाइट साध्या चुंबकाला फारशी दाद देत नाही, त्यामुळे 'काळं आहे पण चिकटत नाही' असं झालं तर गोंधळू नकोस. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून बघ. शिंपल्याचा कण फसफसतो. पण सावध राहा, आपल्या नदीच्या वाळूत कंकराचे, म्हणजे चुनखडीचे बारीक खडे असतात, तेही फसफसतात. भिंगाखाली ठेवलंस की शिंपल्याच्या तुकड्यावर रेघा आणि वळण दिसतं, कंकर ओबडधोबड असतो.

दुसरं ठिकाण म्हणजे कण्हेर किंवा धोमचा जलाशय, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. एप्रिल-मेमध्ये जा, पाणी उतरलेलं असताना. काठावर एकाखाली एक, जिन्यासारख्या रेघा दिसतील. पाणी जिथे काही दिवस थांबलं, तिथे बारक्या लाटांनी माती खाऊन छोटासा कडा पाडला आणि पायथ्याशी खडे नीट निवडून मांडले. हा हातभर उंचीचा सागरी कडा आणि तरंगघर्षित मंच, म्हणजे लाटांनी घासून सपाट केलेला कट्टा आहे. जिथे एखादा ओढा जलाशयात येतो, तिथे पंख्यासारखा गाळ पसरलेला दिसेल, म्हणजे छोटा त्रिभुज प्रदेश. वाऱ्याला लांबवर मोकळं पाणी मिळतं त्या बाजूचा काठ जास्त खाल्लेला असेल आणि आडोशाचा काठ गाळाने भरलेला. समुद्रावर हे सगळं इतकं मोठं आणि इतकं एकात एक मिसळलेलं असतं की नवशिक्याचे डोळे भांबावतात. इथे भरती नाही, खारं पाणी नाही, फक्त वारा, लाट आणि माती. एका वेळी एकच गोष्ट शिकता येते.

तिथेच लाटा मोजायला शीक. पाण्यात एक काठी रोव. पहिला माथा काठीला लागला की घड्याळ सुरू कर, अकरावा लागला की थांबव, आणि आलेल्या सेकंदांना दहाने भाग. हा लाटेचा आवर्तनकाळ. त्याचा वर्ग करून १.५६ ने गुणलं की खोल पाण्यातली तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. जलाशयावर दोन सेकंदांची लाट असेल तर सहा मीटर. समुद्रावर दहा सेकंदांची लाट आली तर १५६ मीटर. लाट तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंतच पाणी हलवते, म्हणजे जलाशयावर तीन मीटर आणि समुद्रावर ७८ मीटर. समुद्राची ताकद उंच लाटेत असते असं वाटतं, पण लांब लाट तळाला कितीतरी दुरूनच हात घालते, हे या दोन आकड्यांवरून कळेल.

आता माझी एक चूक ऐक, कारण ती तू करू नयेस असं मला फार वाटतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी कोकणातली एक पुळण मे महिन्यात मोजली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजली. निम्मी वाळू गायब. मी कॉलेजच्या वार्षिक अंकात मोठ्या तळमळीने लिहिलं की ही पुळण काही वर्षांत संपणार. जानेवारीत मुलांना तीच झीज दाखवायला घेऊन गेले, तर पुळण पहिल्यासारखी भरलेली. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं: पावसाळ्यातल्या उंच, लागोपाठ येणाऱ्या लाटा वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा घालतात. पुढे त्या दांड्यावरच लाटा आधी फुटतात, म्हणजे किनारा स्वतःसाठी ढाल तयार करतो. दसरा-दिवाळीनंतर समुद्र निवला की लांब, सपाट लाटा तीच वाळू थोडी थोडी परत आणतात. उन्हाळ्यात पुळण सर्वांत रुंद असते. ज्या गावाने मला जेवू घातलं, त्या गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्या कोळ्याला हे ठाऊक होतं.

म्हणून एकाच जागेचे निदान दोन पावसाळे मोजल्याशिवाय 'झीज' हा शब्द वहीत लिहायचा नाही. मोजायचं तेही एकाच महिन्याशी तोच महिना ताडून, मे शी मे, जानेवारीशी जानेवारी. आणि खूण पक्की हवी. मी एकदा काठावरचं सुरूचं झाड खूण धरलं होतं, पुढच्या वर्षी ते झाडच नव्हतं. देवळाचा जोता, जुन्या विहिरीचा कठडा, कातळावर मारलेली रंगाची रेघ, असं काहीतरी घे.

मोजायची पद्धत दोन काठ्यांची. १९६१ मध्ये एमरी या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती मांडली आणि आजही इतकी स्वस्त आणि भरवशाची दुसरी पद्धत मला माहीत नाही. दीड-दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या, दोन्हींवर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा, मध्ये दोन मीटरची दोरी. एक काठी पक्क्या खुणेशी, दुसरी समुद्राच्या बाजूला. मागच्या काठीशी उभं राहून पुढच्या काठीचा माथा क्षितिजाच्या रेषेला टेकेल असं बघायचं. ती नजरेची रेघ मागच्या काठीवर वरून जितक्या सेंटिमीटरवर येते, तितका उतार त्या दोन मीटरांत. पुढे वाळूचा उंचवटा आला तर उलट: मागच्या काठीच्या माथ्यावरून क्षितिज बघायचं आणि ती रेघ पुढच्या काठीवर कुठे येते ते वाचायचं. मग मागची काठी पुढचीच्या जागी आणून पुन्हा तेच, पाण्याला पाय लागेपर्यंत. साताऱ्यात समुद्राचं क्षितिज नाही, तेव्हा सरावाला गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घे. कण्हेरच्या काठावर दहा रेषा मोज. हात बसला की समुद्रावर एक रेषा अर्ध्या तासात होते.

किनाऱ्यावर कधी जायचं हे कॅलेंडरमधली तिथी सांगते. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ. दशमीला साडेसात, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरतीही कमी आणि ओहोटीही कमी. उधाणाला पाणी सर्वांत लांब जातं आणि एरवी बुडालेला तळ उघडा पडतो, म्हणून उधाण पकडायचं. पण ऐन पौर्णिमेला ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, उजेड अपुरा. द्वितीया-तृतीयेला भरती दीड ते सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसात-साडेआठला. उधाणाचा जोर एक-दोन दिवस मागे रेंगाळतोच, त्यामुळे पाणीही लांब गेलेलं असतं आणि ऊन तिरपं असल्याने वाळूवरच्या लहरींच्या सावल्या स्पष्ट पडतात. माझ्या सहली मी वर्षानुवर्षं द्वितीयेला काढल्या. नेमकी वेळ मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांवरून आणि लाटांचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या संकेतस्थळावरून बघूनच निघायचं. पावसाळ्यात पुळण लांबून पाहायची, पाण्यात पाय घालायचा नाही.

या हिशेबाचं महत्त्व चिपळूणच्या माणसाला विचार. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, वाशिष्ठीच्या खोऱ्यातही तुफान कोसळत होता, आणि खाडीत भरती होती. नदीचं पाणी समुद्र घेईना, चिपळूण बुडालं. तू सांगलीची आहेस, पूर काय असतो हे तुला सांगायला नको. २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. सांगलीत लहान मूलसुद्धा 'आज आयर्विनला किती फूट?' विचारतं. एका जागी, एकाच पट्टीवर, रोज वाचलेला आकडा किती कामाचा असतो हे तुमच्या गावाला माहीत आहे. किनाऱ्याला तीच सवय लावायची आहे.

उपग्रहाची चित्रं घरबसल्या मिळतात. लँडसॅटची १९७२ पासूनची, सेंटिनेल-२ ची २०१५ पासूनची, दोन्ही फुकट. कर्ली नदीच्या मुखाशी देवबागची वाळूची चिंचोळी पट्टी आहे, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. तिची दरवर्षीच्या मे महिन्यातली चित्रं एकाखाली एक लाव. मात्र चित्र घेतलं त्या वेळी भरती होती की ओहोटी हे आधी तपास, नाहीतर पाण्याच्या रेषेतला फरक भरतीचा असायचा आणि तू तो झिजेत लिहायचीस. सेंटिनेलच्या चित्रातला एक ठिपका १० मीटरचा, लँडसॅटचा बहुतेक ३० मीटरचा. पाच मीटरचा बदल त्यातून छातीठोकपणे सांगता येत नाही, त्याला काठ्याच लागतात. मोजपट्टी बदलली की उत्तर कसं बदलतं याचं मोठं उदाहरण अलीकडचंच आहे. देशाच्या किनाऱ्याची लांबी आम्ही ७५१६ किलोमीटर अशी पाठ केली होती. आता ती ११०९८ किलोमीटर धरतात. किनारा लांबला नाही, जास्त बारीक नकाशावर प्रत्येक खाचखळगा धरून मोजला.

पुढच्या शिक्षणाचं थोडक्यात. एम.एस्सी. भूगोल किंवा भूशास्त्र, दोन्ही वाटा चालतात. गणित आणि संख्याशास्त्र सोडू नकोस. गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, चेन्नईचं राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्र आणि आपल्या जवळचं खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र यांच्या कामाकडे लक्ष ठेव. चेन्नईच्या केंद्राने १९९० ते २०१८ या काळातले बदल तपासले, तेव्हा देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजताना आढळला. अशा अहवालातला एकूण आकडा पाठ करण्यापेक्षा आपल्या ओळखीच्या एका पुळणीबद्दल तो काय म्हणतो ते बघ.

आणि एक मत, ज्यावर माझे काही सहकारी वाद घालतील. कुठे झीज दिसली की दगडी बंधारा घाला, अशी मागणी होते. ज्याचं घर पाण्यात चाललंय त्याला मी नाही म्हणू शकत नाही. पण उभ्या भिंतीवर आपटलेली लाट जोराने परत फिरते आणि पायथ्याची वाळू घेऊन जाते. भिंत घर वाचवते, पुळण वाचवत नाही, आणि झीज पुष्कळदा भिंतीच्या टोकाशी शेजारच्या वाडीत जाते. मर्यादावेलीने धरलेली वाळूची टेकडी हे किनाऱ्याचं राखीव धान्य आहे. वादळात समुद्र त्यातून खातो, मागून परत देतो. ती सपाट करून तिथे बांधकाम झालं की कोठार रिकामं. हे माझं म्हणणं आहे म्हणून मान्य करू नकोस. बंधारा असलेली एक आणि नसलेली एक, अशा दोन रेषा मोज आणि मग ठरव.

पहिली फेरी डिसेंबरात, द्वितीयेच्या आदल्या दिवशी निघून. कराडहून पाटण, कुंभार्ली, चिपळूण, गुहागर. तिथली पुळण लांब आणि सरळ आहे, शिकायला सोपी. हरिहरेश्वर दुसऱ्या फेरीला ठेव. तिथल्या प्रदक्षिणेच्या वाटेवर समुद्राने कातळ कसा कोरला ते दिसतं, मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे, पण ती वाट ओहोटीलाच मोकळी होते आणि लाटेकडे पाठ करून तिथे क्षणभरही उभं राहायचं नाही.

घरच्यांचं म्हणशील तर एकटीने जाण्याचा प्रश्नच येत नाही. दोन काठ्यांना दोन माणसं लागतात. आईला घेऊन जा. पुढची काठी सरळ धरायची आणि सांगितल्याशिवाय हलवायची नाही, एवढंच तिला काम आहे.